एआयने केलेल्या जुन्या जपानी खेळण्यांच्या जाहिराती

जपानमध्ये साधारण १९५० ते १९८० च्या काळात खेळण्यांच्या जाहिराती आणि खोक्यांवरची चित्रं जशी दिसायची, तसाच लुक एआयकडून काढून घ्यायचा हा प्रकार. २०२२ मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन वगैरे चित्रं काढणारी एआय टूल्स लोकांच्या हातात आल्यावर चित्रकला न येणाऱ्यांनाही हे जमायला लागलं.

नुसतं "जुनी जपानी जाहिरात" म्हटलं की एआय चेरीची फुलं, उगवता सूर्य आणि निऑनच्या पाट्या असं सगळं एकाच ताटात वाढतं, म्हणून आधी दशक ठरवायचं. युद्ध संपल्या संपल्या, १९४५ मध्येच, ओत्सु शहरात कोसुगे मात्सुझो यांनी अमेरिकन फौजेच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून खेळण्यातली जीप बनवली होती, आणि पुढे पत्र्याच्या खेळण्यांचा धंदा जोरात चालला (तिकडे या पत्र्याला बुरिकी म्हणतात, शब्द मूळचा डच). पन्नासच्या दशकातले चावीचे आणि बॅटरीचे रोबोट बरेचसे एक्सपोर्टचे, त्यामुळे खोक्यांवर सर्रास इंग्रजी. साठच्या दशकातल्या प्लास्टिक मॉडेलच्या खोक्यांवर चित्रकार कोमात्सुझाकी शिगेरू (१९१५–२००१) यांची आग-धुराची पेंटिंग्ज, म्हणजे आतला रणगाडा तळहातावर मावेल एवढा पण चित्रात नुसता धुरळा. ही चित्रं २०७१ संपेपर्यंत कॉपीराइटमध्ये आहेत, तेव्हा प्रॉम्प्टमध्ये (एआयला लिहून दिलेल्या सूचनेत) त्यांचं नाव टाकण्यापेक्षा आग, धूर, खालून बघितलेला कोन असं वर्णन केलेलं बरं. १९७४ मध्ये पोपी कंपनीचं माझिंगर झेड या कार्टूनमधल्या महाकाय रोबोटचं धातूचं खेळणं आलं, त्या काळाचा लुक हवा असेल तर खेळण्याचा फोटो, रोबोटच्या हातापासून सुटून उडणारी मूठ आणि येनमधली ठसठशीत किंमत.

पण खरी गंमत चित्रात नाही, छपाईत आहे. एआय सगळं गुळगुळीत, कालच छापल्यासारखं देतं, आणि जुन्या स्वस्त मासिकात रंग हललेले असायचे, रोबोटच्या खांद्याबाहेर लाल रंग केसभर सांडलेला, गालावर ठिपके, मागच्या पानावरची अक्षरं आरपार दिसतायत. हे प्रॉम्प्टमध्ये मागितलं तर एआय वरून धूळ भुरभुरल्यासारखं काहीतरी करतं, त्यापेक्षा फोटो एडिटरमध्ये रंगांचे थर वेगळे करून लाल थर एक-दोन पिक्सेल सरकवायचा आणि कागद पिवळसर करायचा, पाच मिनिटांचं काम आहे.

अक्षरं तर एआयवर सोडूच नका, त्यांची जागा कोरी ठेवून जपानी फॉंटने स्वतः टाका. नवीन एआय मॉडेल्स बरं लिहितात पण काताकाना लिपीतली 'त्सु' आणि 'शि' ही अक्षरं जवळपास जुळी आहेत, 'त्सु'चे दोन छोटे फटकारे वर शेजारीशेजारी तर 'शि'चे डावीकडे एकाखाली एक. रोबोटला जपानीत 'रोबोत्तो' म्हणतात आणि त्यातल्या जोडाक्षरासाठी नेमका छोटा 'त्सु' लिहितात (तो स्वतः उच्चारत नाहीत, पुढचं व्यंजन दुप्पट करतो), तिथे 'शि' पडला की जपानी वाचणारा माणूस त्या जाहिरातीत 'रोबोशितो' वाचतो.