आठ अँपिअरचा ब्रेक

माणसं आणि सामान धरून १७०० किलो भरणारी क्रॉसओव्हर मोटार नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर ताशी ६० च्या वेगात आहे. जोरात ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर ती साधारण २० मीटरमध्ये थांबते. आता तिच्यामागे १००० किलोचा, ब्रेक नसलेला ट्रेलर जोडा. गाडीचे ब्रेक पूर्वीइतकाच जोर लावतात, थांबवायचं वजन मात्र २७०० किलो झालेलं असतं. अंतर ३१ मीटरच्या पुढे जातं. वाढलेल्या त्या अकरा-बारा मीटरमध्ये तीन छोट्या मोटारी सहज उभ्या राहतात. वळणावर ट्रेलर गाडीचा मागचा भाग बाजूला रेटतो, तो धोका वेगळाच. म्हणूनच युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत.

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक बसवून तो गाडीशी जोडायच्या कामाला हात घालण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी कमाल वजनं वेगवेगळी दिलेली असतात. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असंच लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथेच थांबवा. क्रॉसओव्हरला जुन्या जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. टो बार (ट्रेलर ओढायचा दांडा) कंपनीने दिलेल्या जागांवरच, सांगितलेल्या टॉर्कने आवळायचा असतो. मागच्या बंपरच्या पत्र्यात भोकं पाडून वेल्डिंग मारलेला टो बार हा अपघातच आहे, फक्त अजून घडायचा आहे. कायद्याचंही पाहा: मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी होते आणि गाडीतल्या बदलांवर कलम ५२ ची बंधनं आहेत. नवी मुंबईच्या किंवा ठाण्याच्या आरटीओत आधी विचारून घेतलेलं बरं.

आता ब्रेककडे. इलेक्ट्रिक ब्रेक म्हटलं की वीजच चाक थांबवते असं वाटतं. प्रत्यक्षात वीज फक्त इशारा देते, काम चाकाची गती करते. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत एका दांड्याच्या टोकाला बशीएवढा विद्युतचुंबक बसवलेला असतो. त्यात करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटू पाहतो. ड्रम फिरतोय, त्यामुळे चुंबक त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो, दांडा कलतो आणि दोन्ही ब्रेक शू (घासपट्ट्या) फाकून ड्रमला घासतात. करंट जितका जास्त तितकी चुंबकाची पकड घट्ट. चाकाच्याच फिरण्याचा जोर वापरल्यामुळे एवढ्याशा विजेवर काम भागतं. त्यामुळेच हा ब्रेक उभ्या ट्रेलरला धरून ठेवायच्या कामाचा नाही. उतारावर ट्रेलर सोडताना चाकांना लाकडी पाचर लावायलाच हवी.

दहा इंची ड्रमच्या चुंबकाचा रोध (विजेला होणारा अडथळा) साधारण ३.२ ओहम असतो. एका ॲक्सलचे दोन चुंबक समांतर जोडलेले, म्हणजे १.६ ओहम. इंजिन चालू असताना १३.५ व्होल्ट मिळतात असं धरलं, तर पूर्ण ब्रेकला ८.४ अँपिअर जायला हवेत. संपूर्ण वायरिंगचा हेतू एकच: हे आठ अँपिअर बॅटरीपासून चुंबकापर्यंत पोचावेत आणि परतही यावेत.

घोडं नेमकं इथेच अडतं. बॅटरी ते कंट्रोलर (ट्रेलरच्या ब्रेकला किती वीज द्यायची ते ठरवणारा, गाडीत बसवलेला डबा), कंट्रोलर ते मागचं सॉकेट, सॉकेट ते ॲक्सल आणि अर्थचा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारा, परतीचा मार्ग मिळून २० मीटर तार सहज होते. दिव्यांसाठी वापरतात ती ०.७५ चौरस मिलिमीटरची तार टाकली, तर तिचाच रोध अर्ध्या ओहमच्या आसपास जातो. चुंबकापर्यंत साडेसहा अँपिअरच पोचतात, म्हणजे जवळपास पाव ब्रेक तारेतच जिरला. ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली तर आठच्या आसपास पोचतात. दोन्ही तारांच्या किमतीत फरक थोडाच, ब्रेकमधला फरक मात्र मोठा. कंट्रोलरचा पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॉक्समधल्या एखाद्या मोकळ्या जागेतून नको. एक-दोन ॲक्सलसाठी २० अँपिअरचा सर्किट ब्रेकर पुरतो, पण तो बॅटरीच्या अगदी शेजारी हवा. तार वाटेत कुठे कापली गेली तर आग तिथेच रोखली जाते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) तार नेताना भोकात बसवायची रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, विसरू नका. नुसत्या पत्र्याच्या कडेवर घासून इन्सुलेशन काही महिन्यांत जातं.

अर्थची वायर वेगळी ओढा. टो बॉल (गाडीमागचा गोळा) आणि कपलर (त्यावर बसणारा ट्रेलरचा जोड) यांच्या लोखंडी स्पर्शातून करंट परत येईल या भरवशावर राहू नका. खाडीकाठच्या दमट हवेत गंजलेल्या एका जोडाने अर्धा ओहम रोध सहज वाढतो. जाड तारेवरही मग सहाच अँपिअर उरतात, आणि बारीक तार असेल तर पाच. वाशी, ऐरोली, घोडबंदर परिसरासाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार, दाबून बसवलेले (क्रिम्प केलेले) लग आणि त्यावर गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी श्रिंक स्लीव्ह वापरा. नुसती तार पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

कंट्रोलरला चार वायरी असतात: पॉझिटिव्ह, अर्थ, ब्रेक लाइटचा इशारा आणि ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी. त्याच्या दोन जातींपैकी वेळेच्या हिशेबाने चालणारा कंट्रोलर पेडल दाबल्यावर ठरलेल्या गतीने करंट वाढवत जातो, गाडी हळूच थांबतेय की करकचून, हे त्याला कळत नाही. गाडीच्या ब्रेकच्या प्रमाणात चालणाऱ्यात वेग कमी होण्याचा दर मोजणारा सेन्सर असतो आणि ट्रेलर गाडीइतकाच ब्रेक मारतो. आमचं मत स्पष्ट आहे: थोडे पैसे जास्त गेले तरी दुसराच घ्या. तो डॅशबोर्डखाली घट्ट आणि गाडीच्या दिशेला सरळ बसवा. हलत्या प्लास्टिकवर बसवला तर सेन्सर खड्ड्यालाच ब्रेक समजतो.

ब्रेक लाइटचा इशारा कुठून घ्यायचा, हा नव्या गाड्यांमधला खरा अवघड प्रश्न. बऱ्याच इलेक्ट्रिशियनचा हात सवयीने पेडलच्या स्विचकडे जातो. पण आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा असलेल्या गाडीत पेडल न दाबताही ब्रेक लागतो. इशारा स्विचवरून घेतला असेल तर ट्रेलरला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून इशारा प्रत्यक्ष पेटणाऱ्या ब्रेक लाइटच्या वायरीवरून, त्या गाडीला जुळणाऱ्या ट्रेलर मॉड्युलमार्फत घ्या. मॉड्युलशिवाय थेट टॅप केलं तर गाडीच्या बॉडी कंट्रोलरला (दिव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाला) बल्ब बिघडल्याचा संशय येतो आणि डॅशवर चेतावणी पेटते.

सात पिनांच्या प्लगमध्ये वायरीच्या रंगावर विसंबू नका. अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन वायरिंगमध्ये निळी वायर इलेक्ट्रिक ब्रेकची. युरोपीय सात पिनांत निळी मागच्या फॉग लॅम्पची. युरोपीय ट्रेलर आणि अमेरिकी कंट्रोलर रंग जुळवून जोडले, तर ब्रेक दाबल्यावर फॉग लॅम्प लागतो आणि चुंबक कोरडेच राहतात. प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासा.

यांत्रिक बाजूलाही एक बारीक सापळा आहे. ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंची कपलर दिसायला जुळतात, पण दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. तेवढ्या सैल बॉलवर गतिरोधकाच्या धक्क्याने कपलर सुटू शकतो. बॉलवरचा आकडा वाचूनच जोडणी करा. बॉलवर येणारा भारही मोजा: कपलरखाली बॉलच्याच उंचीवर आधार ठेवून तो घरातल्या वजनकाट्यावर टेकवा. एकूण वजन तळोजा किंवा कळंबोलीच्या ट्रकच्या काट्यावर कळतं, पण बॉलच्या भारासाठी तो काटा फार ढोबळ. हा भार ८० किलो, बॉल मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे आणि व्हीलबेस २.६५ मीटर असेल, तर मागच्या चाकांवर ११० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ३० किलो उचलले जातात. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी पावसात गायमुखच्या चढावर चाकं फिरवत बसते, तेव्हा हेच ३० किलो कमी पडत असतात.

नवे शू आधी बसवून घ्यावे लागतात. चाक जॅकवर उचला, स्टार व्हील (शू आवळायचं दातेरी चाक) फिरवून शू ड्रमला चांगले अडकेपर्यंत आवळा, मग चाक किंचित घासत मोकळं फिरेल इतके मागे घ्या. रिकाम्या रस्त्यावर ६५ वरून ३० पर्यंत वेग उतरवत वीस-तीस वेळा ब्रेक मारा. ३०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, पुढे दर ५००० ला. गेन (कंट्रोलर ट्रेलरला जास्तीत जास्त किती ब्रेक देईल ती मर्यादा) लावायचा तो माल भरलेल्या ट्रेलरवर. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतला मोकळा, सपाट रस्ता बघा. ताशी ४० वर कंट्रोलरची हाताची कळ पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं जाम होईपर्यंत गेन वाढवत जा, मग एक पायरी खाली आणा. ट्रेलर रिकामा झाला की गेन उतरवायचा, नाहीतर ओल्या रस्त्यावर चाकं लगेच जाम होतात. हीच कळ ट्रेलर डोलू लागला तर उपयोगी पडते: पाय ब्रेकवर न ठेवता फक्त ट्रेलरचा ब्रेक लावला की तो मागे खेचला जाऊन सरळ होतो.

बोरघाट उतरताना हिशेब बदलतो. हजार किलोचा ट्रेलर अर्धा किलोमीटर खाली आला की ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साध्या तापमानाचं पंधरा लिटर पाणी उकळीला येईल एवढी. ती ड्रममध्ये साठली तर शू तापून घसरू लागतात. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो: चुंबकाची गुंडाळी १०० अंशांनी तापली तर सुमारे ४० टक्क्यांनी. आठ अँपिअरचे सहा होतात, तेही नेमके गरजेच्या वेळी. म्हणून घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि वेग इंजिनला धरू द्या.

ट्रेलर सुटलाच तर त्याला स्वतःची बॅटरी लागते. ब्रेकअवे स्विचची पिन वायर-दोरीने गाडीच्या सांगाड्याला बांधतात, सुरक्षा साखळीला कधीच नाही. पिन निघाली की ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी चुंबकांना थेट वीज देते. पंधरा मिनिटांना दोन अँपिअर-तास पुरतात, पण बॅटरी चार्ज असेल तरच. महिन्यातून एकदा पिन ओढून पाहा आणि लगेच परत बसवा.

एक सूचना होडीवाल्यांसाठी: खाडीच्या उतारावर ट्रेलर पाण्यात जाणार असेल तर इलेक्ट्रिक ब्रेक घेऊच नका. खारं पाणी चुंबक आणि ड्रमचा पृष्ठभाग दोन्ही खातं. तिथे खाऱ्या पाण्यासाठी बनवलेला हायड्रॉलिक ब्रेक हवा.

ब्रेक लागत नाही अशी शंका आली तर आधी ब्रेकच्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजणारा) लावा आणि एकाला इंजिन चालू व गेन कमाल ठेवून कळ पूर्ण दाबायला सांगा. आठच्या आसपास आकडा आला तर वीज ठीक आहे, दोष शू, ग्रीस किंवा ड्रममध्ये शोधा. नेमका चार आला तर एका चाकाची वायर तुटली आहे. पाच-सहा आला तर अर्थ किंवा बारीक तार. मीटर नसेल तर चाकाजवळ कान न्या. कळ अर्धवट दाबली की कंट्रोलर वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडतो, त्यामुळे करंट पोचत असेल तर चुंबकाचा बारीक गूं ऐकू येतो. ड्रमशेजारी धरलेल्या होकायंत्राची सुई कळ दाबताच हलते. एका चाकाशी हलली आणि दुसऱ्याशी नाही, तर कोणता ड्रम उघडायचा ते कळलं.