गृहोपयोगी हाय-फाय ध्वनिक्षेपक

ध्वनिमुद्रित अथवा रेडिओवरून प्रक्षेपित झालेले संगीत घरातील खोलीत, मूळ गायनवादनाशी शक्य तितके तद्रूप ऐकू यावे या हेतूने बनवलेल्या ध्वनिक्षेपकास, म्हणजे बोलीभाषेतील स्पीकरला, हाय-फाय (इंग्रजी ‘हाय फिडेलिटी’, म्हणजे उच्च तद्रूपता) ही संज्ञा लावतात. सभेतील कर्णा आवाज दूरवर पोहोचवतो आणि साध्या रेडिओतील स्पीकर शब्द कळण्यापुरता पुरेसा असतो. हाय-फाय ध्वनिक्षेपकाकडून मात्र तंबोऱ्याची जवार, पियानोचा खर्ज व झांजेचा झंकार यांचे परस्परप्रमाण बिघडू नये अशी अपेक्षा असते. त्याची गोडी सामान्य श्रोत्यांना प्रथम अमेरिका व ब्रिटन या देशांत लागली. तिचा ठळक काळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंतचा मानता येईल, परंतु तिचा तांत्रिक पाया त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे घातला गेला होता.

चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या तारेच्या वेटोळ्यातून विद्युत् प्रवाह नेला असता ते मागेपुढे हलते व त्याला जोडलेले पटल हवा ढकलते, हे आजच्या बहुतेक ध्वनिक्षेपकांचे तत्त्व आहे. त्याच्या जनकत्वाविषयी संदर्भग्रंथांत मतभेद आढळतात. जर्मन अभियंते एर्न्स्ट वेर्नर सीमेन्स यांच्या १८७४ च्या एकस्वात (पेटंटात) अशा वेटोळ्याचे वर्णन आहे. तथापि त्या वेळी दूरध्वनीही अस्तित्वात नव्हता, त्यामुळे या रचनेला पुरवण्याजोगा ध्वनिसंकेतच उपलब्ध नव्हता. ऑलिव्हर लॉज या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी १८९८ मध्ये त्याच प्रकारच्या रचनेचे एकस्व घेतले. आवाज पुरेसा मोठा करणारा विवर्धक नसल्याने तीही मागे पडली. डेन्मार्कमध्ये जन्मलेले पीटर जेन्सन आणि त्यांचे अमेरिकन सहकारी एडविन प्रिडम यांनी कॅलिफोर्नियातील नापा येथे फिरत्या वेटोळ्याला कर्णा जोडला आणि १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर मोठ्या जनसमुदायाला संगीत व भाषणे ऐकवली. व्यवहारोपयोगी ध्वनिक्षेपकाचे श्रेय या दोघांना देणे रास्त आहे. घरगुती ध्वनिक्षेपकाचे श्रेय मात्र जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांच्याकडे जाते, असे मत अधिक ग्राह्य वाटते.

राइस व केलॉग यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे कर्णाविरहित ध्वनिक्षेपकावरील निबंध मांडला. त्यापूर्वीची उपकरणे पटलाच्या अनुस्पंदनावर अवलंबून असत. ठरावीक कंप्रतेला (दर सेकंदाच्या कंपनसंख्येला) पटल स्वतःहून जोरात कंप पावे आणि आवाज मोठा पण नाकातून आल्यासारखा निघे. या दोघांनी लहान शंकूच्या आकाराचे कागदी पटल इतक्या सैल आधारावर बसवले की, त्याचे अनुस्पंदन उपयुक्त कंप्रतांच्या खाली गेले. त्याच्या वर पटलाची गती केवळ त्याच्या वस्तुमानाने ठरते. समान प्रेरणेला प्रवेग समान राहतो व कंप्रता वाढेल तसा पटलाचा वेग घटतो. तरंगलांबीच्या मानाने पटल लहान असेतोवर हवेचा उत्सर्जनरोध (पटलाची शक्ती ध्वनिरूपाने बाहेर नेणारा हवेचा विरोध) कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. वेगातील घट आणि रोधातील वाढ एकमेकींची भरपाई करतात, आणि बाहेर पडणारी ध्वनिशक्ती बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सारखी राहते. पटलाच्या पुढील व मागील लहरींनी एकमेकींना मारू नये म्हणून मध्ये सपाट फळीही लागते. १९२६ मध्ये हा ध्वनिक्षेपक आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीने स्वतःच्या विवर्धकासह पेटीत बसवून विक्रीस आणला. त्याची मूळ आखणी आजही बहुतेक घरगुती ध्वनिक्षेपकांत ओळखू येते.

पुढील दशकातील सुधारणांचे श्रेय मुख्यतः अमेरिकन दूरध्वनी कंपनीची बेल प्रयोगशाळा व चित्रपटगृहे यांना जाते. बोलपट आल्यावर हजार-दीड हजार प्रेक्षकांना स्पष्ट आवाज ऐकवणे भाग पडले आणि खर्ज व तार स्वरांसाठी वेगवेगळे ध्वनिक्षेपक वापरण्याची पद्धत रूढ झाली. आल्बर्ट थुरास यांनी पेटीला छिद्र ठेवून पटलामागील हवेचाही खर्जासाठी उपयोग करून घेतला व १९३२ मध्ये त्याचे एकस्व मिळवले. एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तारांवरून वॉशिंग्टनला नेऊन तेथील सभागृहात ऐकवण्यात आले. चित्रपटगृहांसाठी काम करणाऱ्या जेम्स लान्सिंग यांच्यासारख्या कारागिरांची उपकरणे पुढे घरांतही शिरली.

येथे एका प्रश्नाचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे : सामान्य श्रोत्याला विस्तृत कंप्रतापट्टा, म्हणजे अगदी खालच्यापासून अगदी वरच्या स्वरांपर्यंतचा आवाज, मुळात आवडतो काय? १९४५ मध्ये सीबीएस या प्रक्षेपण संस्थेतील हॉवर्ड चिन व फिलिप आयझेनबर्ग यांनी श्रोत्यांना तेच संगीत अरुंद, मध्यम व विस्तृत अशा तीन पट्ट्यांत ऐकवले. बहुसंख्य श्रोत्यांनी विस्तृत पट्टा नाकारला. व्यावसायिक वादकांचा कौलही त्याच बाजूला गेला. लोकांना मऊ, दबका आवाजच भावतो आणि उच्च तद्रूपतेचा खटाटोप मूठभर हौशींपुरता आहे, असा निष्कर्ष अनेकांनी त्यावरून काढला. आरसीएच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेचे हॅरी ऑल्सन यांना तो पटला नाही. त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ध्वनिक्षेपक मुळीच वापरला नव्हता. प्रत्यक्ष वाजवणारा लहान वाद्यवृंद व श्रोते यांच्यामध्ये त्यांनी ध्वनिगाळणीच्या फिरत्या फळ्या उभ्या केल्या. त्या मिटल्या की सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर अडत, उघडल्या की वादन जसेच्या तसे येई. पुढे पातळ पडदा सोडलेला असल्याने फळ्यांची स्थिती श्रोत्यांना दिसत नसे. या परीक्षेत सुमारे दोन तृतीयांश श्रोत्यांनी पूर्ण पट्टा पसंत केला.

दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले होते, मग निष्कर्ष उलट का? ऑल्सन यांनी तीन शक्यता सुचवल्या : रेडिओ ऐकून कानाला अरुंद पट्ट्याची सवय झाली असावी, वाद्यांच्या उच्च कंप्रतांत मुळातच काही कर्कशपणा असावा, किंवा पुनरुत्पादनात शिरणारी विकृती (मूळ आवाजात नसलेली भेसळ) पट्टा रुंद केल्यावर अधिक खुपत असावी. दुसरी शक्यता त्यांच्याच प्रयोगाने बाद ठरते. उरलेल्या दोहोंपैकी विकृतीचे कारण अधिक सबळ दिसते, कारण विकृतीतून निर्माण होणारे जादा स्वर प्रामुख्याने वरच्या पट्ट्यात पडतात व तो कापला की तेही कापले जातात. तरीही सवयीचा वाटा नाकारता येत नाही. रॉजर कर्क यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांच्या एका गटाला काही आठवडे मर्यादित पट्ट्यातील व दुसऱ्या गटाला विस्तृत पट्ट्यातील संगीत ऐकवले, तेव्हा प्रत्येक गटाची पसंती आपापल्या सवयीकडे झुकली. यावरून असे म्हणता येईल की, निर्मळ आवाजाची आवड श्रोत्यांत होतीच. ती विकृत उपकरणांखाली दबली होती, आणि चांगला ध्वनिक्षेपक घरात काही काळ राहिला की ती पक्की होई. हाय-फायच्या प्रसाराचा इतिहास हा या दृष्टीने विकृती टप्प्याटप्प्याने कमी होत गेल्याचा इतिहास आहे, आणि केवळ जाहिरातीने ही हौस निर्माण केली हे मत स्वीकारणे कठीण जाते.

विकृती कमी होण्याची सुरुवात ध्वनिक्षेपकाच्या आधीच्या साधनांत, म्हणजे ध्वनिमुद्रिका व विवर्धक यांत, झाली. डेका कंपनीने युद्धकाळातील संशोधनाच्या आधारे विस्तृत पट्ट्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांच्या अल्पविकृती विवर्धकाचा आराखडा ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला व हजारो हौशींनी तो घरी बांधला. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, कमी खरखरीची दीर्घवादी तबकडी बाजारात आणली. सैन्यात विद्युत् उपकरणांचे प्रशिक्षण घेतलेले तरुण आणि स्वस्तात मिळणारे युद्धोत्तर शिल्लक सामान यांचाही या हौसेला हातभार लागला असावा. न्यूयॉर्क येथे १९४९ पासून ध्वनिप्रदर्शने भरू लागली.

ब्रिटनमध्ये ही आवड लोकांपर्यंत नेण्यात गिल्बर्ट ब्रिग्ज यांचा वाटा मोठा आहे. यॉर्कशरमधील हे कापड व्यापारी १९३२ मध्ये इल्कली येथील घराच्या तळघरात ध्वनिक्षेपक बनवू लागले. त्यांच्या वॉर्फडेल कंपनीच्या ध्वनिक्षेपकांना पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड येथील रेडिओ मंडळाच्या स्पर्धेत पहिले दोन्ही क्रमांक मिळाले. १९४८ मध्ये त्यांनी ध्वनिक्षेपकांवर सामान्य वाचकाला समजेल असे पुस्तक लिहिले. १ नोव्हेंबर १९५४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी प्रत्यक्ष वादन व त्याच वादकांचे ध्वनिमुद्रण आलटूनपालटून ऐकवले, आणि पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही तसाच कार्यक्रम केला. घरगुती वापराचे ध्वनिक्षेपक एवढ्या मोठ्या सभागृहात प्रत्यक्ष वाद्याशेजारी उभे करून श्रोत्यांच्या कानांवर निर्णय सोपवणे हे धाडसच होते. विवर्धकांच्या बाबतीत या कार्यक्रमात त्यांना पीटर वॉकर यांचे साहाय्य झाले. वॉकर यांनी स्वतः १९५७ मध्ये क्वाड हा स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक विक्रीस आणला. त्यात वेटोळे व चुंबक नसून, दोन सच्छिद्र पट्ट्यांमध्ये ताणलेला अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा उच्च विद्युत् दाबाखाली हलतो. मध्यसप्तकातील मानवी आवाजाच्या निर्मळपणाबद्दल त्याला अजूनही मान आहे, मात्र खोल खर्ज व मोठा आवाज या त्याच्या मर्यादा होत्या.

खर्ज हीच घरगुती ध्वनिक्षेपकाची खरी अडचण होती. आर्कान्सामधील होप या गावी पॉल क्लिप्श यांनी दुमडलेला कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसवून दोन भिंती व जमीन यांचाच कर्ण्याचा पुढील भाग म्हणून उपयोग केला. त्यामुळे अगदी थोड्या विद्युत् शक्तीत भरदार आवाज मिळे, पण त्यासाठी मोकळा कोपरा व कपाटाएवढी जागा हवी. याच्या नेमका उलट मार्ग एडगर विल्चर यांनी घेतला. पटलाला आधार देणारी कापडाची कड जास्त हालचालीत सम प्रमाणात ताणली जात नाही आणि खर्जातील विकृती बहुतांशी तेथूनच उद्भवते, हे त्यांनी हेरले. म्हणून त्यांनी ती कड जवळजवळ निर्जीव होण्याइतकी सैल केली व पटल पूर्ववत आणण्याचे काम हवाबंद पेटीतील हवेवर सोपवले, कारण हवेची स्प्रिंग अधिक सम असते. न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथील घरी त्यांनी पहिला नमुना प्लायवूडच्या पेटीत बांधला. पटलाची नवी कड गादीच्या खोळीच्या कापडाची होती आणि तिची आखणी करण्यात पत्नी रोझमेरी यांची मदत झाली, असे सांगितले जाते. विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली व १९५४ मध्ये एआर-१ हा ध्वनिक्षेपक प्रदर्शित केला. त्याची पेटी सुमारे १.७ घनफूट होती. तितका खोल व स्वच्छ खर्ज तोवर याच्या अनेक पटींनी मोठ्या पेट्यांतूनही क्वचितच मिळे. त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली, कारण अशा पेटीला अधिक शक्तीचा विवर्धक लागतो.

विल्चर यांना १९५६ मध्ये एकस्व मिळाले, परंतु पुढे इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने ते न्यायालयात आव्हानित केले आणि ऑल्सन यांच्या १९४९ च्या एकस्वात तेच तत्त्व येऊन गेले असल्याच्या कारणावरून ते रद्द ठरले. कायद्याच्या दृष्टीने ऑल्सन यांचे प्राधान्य मान्य करावे लागते. त्या तत्त्वाचा विकृतीच्या प्रश्नाशी संबंध जोडून ते बैठकीच्या खोलीत आणण्याचे कार्य मात्र विल्चर यांचेच आहे. १९५८ च्या एआर-३ मध्ये त्यांनी तार स्वरांसाठी लहान घुमटाकार पटल वापरले, जे पुढे सर्वत्र रूढ झाले. कंपनीने फाइन आर्ट्स या तंतुवाद्य-चौकडीच्या प्रत्यक्ष वादनाशी तुलना करणारे कार्यक्रम घडवले आणि न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ऐकण्याची खोली उघडली. तेथे विक्री होत नसे. गाडीची वाट पाहणाऱ्या कोणालाही आत येऊन निवांत ऐकता येई.

त्याच सुमारास डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज वेगळा देणाऱ्या स्टिरिओ तबकड्या आल्या व प्रत्येक घराला दोन ध्वनिक्षेपक लागू लागले. दोन मोकळे कोपरे सर्वांकडे नसतात, त्यामुळे फडताळावर मावणाऱ्या पेट्यांची सरशी झाली. १९७० च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने फिरत्या ध्वनिमुद्रण गाड्यांसाठी आखलेला एलएस३/५ए हा चिमुकला ध्वनिक्षेपकही घरोघरच्या रसिकांनी आपलासा केला. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये व नंतर रिचर्ड स्मॉल यांनी पेटी आणि पटल यांच्या गणिताला दिलेले रूप आज जगभर वापरले जाते.

भारताशी या इतिहासाचा एक धागा अमर बोस यांच्यामुळे जुळतो. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचे हे चिरंजीव विद्यार्थिदशेत विकत घेतलेल्या संचाच्या आवाजाने निराश झाले व या विषयाकडे वळले. त्यांच्या १९६८ च्या ९०१ या ध्वनिक्षेपकात नऊपैकी आठ पटले भिंतीकडे तोंड करून बसवली होती. भारतात मात्र आयातीवरील निर्बंधांमुळे दीर्घकाळ रेडिओग्राम (एकाच पेटीतील रेडिओ व तबकडीवादक) हेच बहुतेक घरांतील उत्तम साधन राहिले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून सुटे भाग आणून सुताराकडून पेटी करून घेणाऱ्या हौशींनी ही आवड जोपासली.