बाथरूमचं काम : सोसायटीची एनओसी वेगळी, महापालिकेची परवानगी वेगळी

"सोसायटीनं एनओसी (ना हरकत पत्र) दिलीय, आता कोण विचारतंय?" आणि "महापालिकेची परवानगी लागत नाही, मग सोसायटीला कशाला विचारायचं?" संभाजीनगर असो की लातूर-नांदेड, काम निघालं की ही दोन वाक्यं ठरलेली. दोन्ही चूक.

महापालिकेचं थोडक्यात. काम फक्त घराच्या आतलं असेल तर एमआरटीपी कायदा, 1966 (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) याचं कलम 43 परवानगीतून सूट देतं; वारसा इमारती सोडून. फरशी, टाइल्स, कमोड, नळ बदलायला नकाशे घेऊन नगररचना विभागात जाऊ नका. बीम-कॉलमला हात लावायचा असेल तर मात्र ही सूट धरून चालू नका. बाल्कनी बंद करून काढलेलं बाथरूम किंवा बंगल्याच्या सामासिक अंतरात (भिंत आणि प्लॉटची हद्द यांमधल्या मोकळ्या जागेत) बांधलेला नवा संडास ही दुरुस्ती नव्हे, बांधकाम आहे. त्यासाठी त्याच कायद्याच्या कलम 44 खाली अर्ज करा. अख्ख्या सोसायटीनं सह्या केल्या तरी तो अर्ज चुकत नाही. गुंठेवारीतल्या (मंजूर ले-आउटशिवाय तुकडे पाडून विकलेल्या) प्लॉटवर आधी नियमितीकरण झालंय का ते बघा.

खरा घोळ होतो तो बाथरूमची जागा सरकवताना. बाहेरून काहीच बदलत नाही, म्हणून पालिकेचा प्रश्न सहसा येत नाही; पण सोसायटीची लेखी संमती सगळ्यात जास्त गरजेची असते ती इथंच. जुन्या बाथरूमखालचा स्लॅब पाइप मावावेत म्हणून बहुधा खोलगट टाकलेला असतो, बेडरूमखालचा नसतो. कमोड 2 मीटर सरकवला तर 1:40 उताराला 50 मिमी आणि पाइपाला 110, म्हणजे किमान 160 मिमी भर. वीटतुकड्यांच्या कोब्यानं (विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरानं) ती भरली की चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या वर वजन जातं. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं-सामान धरून साधारण 200 किलोंच्या हिशेबानं केलेला असतो. मिस्त्री "होतंय की" म्हणेल, पण त्या होकाराला अर्थ नाही. अर्जासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि पाइपांचा नकाशा जोडा. खाली कुणाचं स्वयंपाकघर आहे तेही लिहा.

पार्किंगमध्ये अध्यक्षांनी मान हलवली, ही एनओसी नव्हे. आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) समितीची आगाऊ लेखी परवानगी सांगितली आहे. तुमच्या संडास-बाथरूममधून गळती झाली तर तो खर्चही सोसायटीचा नाही, तुमचा. एका ओळीची "हरकत नाही" घेऊ नका, अटींसकट घ्या. त्यातली एक अट हटकून हवी: वॉटरप्रूफिंगनंतर, फरशी बसवण्याआधी, 48 तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्या घराचं छत समितीसमोर तपासायचं.