विम संपादकातील कोड नॅव्हिगेशन

कोड वाचताना एखादे फंक्शन जिथे वापरले आहे तिथून थेट त्याच्या व्याख्येवर उडी मारणे, पाहून झाल्यावर मूळ जागी परतणे आणि त्या फंक्शनचे अधिकृत वर्णन संपादक न सोडता उघडणे, या सोयींना मिळून कोड नॅव्हिगेशन म्हणतात. प्रस्तुत नोंद विम या मजकूर संपादकापुरती आहे. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम प्रसिद्ध केला. आज्ञा व कळांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना इंग्रजी अक्षरेच वापरायची.

विमला कोडचा अर्थ कळत नाही, कर्सरखालचा शब्द तेवढा कळतो. तो शब्द कोणत्या फाइलीत कुठे सापडेल हे सांगणारी सूची बाहेरचा प्रोग्रॅम तयार करतो आणि विम ती वाचतो. उडी चुकली तर विमच्या सेटिंगमध्ये तास घालवण्याआधी सूची उघडून पाहावी. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो : सूची जुनी असते, अपुरी असते किंवा विमला ती सापडलेलीच नसते.

टॅग फाइल

सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत कमी कटकटीची सूची म्हणजे टॅग फाइल. ती बनवणारा सीटॅग्स हा प्रोग्रॅम केन अर्नल्ड यांनी बर्कली येथे लिहिला आणि तो व्हीआय या विमच्या पूर्वज संपादकाच्या जोडीने बीएसडी युनिक्समधून (बर्कलीच्या युनिक्स अवतारातून) पसरला. पुढे डॅरेन हिबर्ट यांनी अनेक भाषा ओळखणारा एक्झुबरंट सीटॅग्स लिहिला. त्याची ५.८ ही आवृत्ती २००९ मध्ये आली आणि काम थांबले. आज वापरायचा तो त्याचाच वारसा चालवणारा युनिव्हर्सल सीटॅग्स. उबुंटू व डेबियनवर युनिव्हर्सल-सीटॅग्स याच नावाचे पॅकेज आहे. मॅकवर सीटॅग्स नावाचा एक प्रोग्रॅम आधीपासून असतो, पण तो जुना बीएसडी अवतार आहे. त्याला मोठ्या आरचा, म्हणजे उपफोल्डरांसह वाचण्याचा, पर्याय दिला की तो पर्याय बेकायदा असल्याचे सांगून थांबतो. त्यामुळे मॅकवर होमब्रू या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमने युनिव्हर्सल सीटॅग्स बसवावा आणि आवृत्ती विचारून नेमका कोणता चालतो आहे याची खात्री करावी.

प्रकल्पाच्या मुळाशी जाऊन ‘सीटॅग्स -आर .’ (आर मोठा, शेवटी टिंब) अशी आज्ञा दिली की टॅग्स नावाची साधी मजकूर फाइल तयार होते. तिच्या प्रत्येक ओळीत टॅबने वेगळे केलेले तीन मुख्य भाग असतात : नाव, फाइलचा मार्ग आणि त्या जागी पोहोचवणारी शोध-आज्ञा. शोध-आज्ञेत व्याख्येची संपूर्ण ओळच नमुना म्हणून ठेवलेली असते. ओळ क्रमांकाऐवजी नमुना ठेवण्यामागे विचार आहे. फाइलीत वर चाळीस ओळी घुसवल्या तरी नमुना सापडतो, क्रमांक मात्र चुकला असता. व्याख्येची ओळच बदलली तर विम अंदाजाने जवळची जागा शोधतो आणि ई४३५ हा इशारा देतो. तो दिसला की सूची नव्याने बनवण्याची वेळ झाली असे समजावे.

आरनंतर नुसते टिंब दिले तर सीटॅग्स दिसेल ते सगळे वाचतो. नोड मॉड्यूल्स, बिल्ड यांसारखे फोल्डर ‘--एक्सक्लूड’ पर्यायाने वगळले नाहीत, तर सूची फुगते आणि एकाच नावाच्या दहा व्याख्या समोर येतात. प्रकल्प गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असेल तर अधिक स्वच्छ उपाय आहे : ‘गिट एलएस-फाइल्स’ची यादी पाइपमधून ‘सीटॅग्स -एल -’ ला द्यावी (एल मोठा). म्हणजे गिटला ठाऊक असलेल्याच फाइली सूचीत येतात.

सी भाषेतली एक अडचण नवख्यांना हमखास गाठते. सीटॅग्स फंक्शनचे प्रोटोटाइप (आतला कोड नसलेली नुसती घोषणा) आपणहून नोंदवत नाही. स्वतःच्या कोडसाठी हे बरोबरच आहे, कारण आपल्याला हेडरवर (अशा घोषणांच्या फाइलीवर) नव्हे, व्याख्येवर जायचे असते. पण ज्या लायब्ररीचा सोर्स यंत्रावर नाही, फक्त हेडर आहेत, तिची सूची त्यामुळे जवळपास रिकामी निघते. तिथे ‘--सी-काइंड्स=+पी’ द्यावे. अशी सूची प्रकल्पाच्या सूचीपासून वेगळी ठेवावी आणि दोन्ही मार्ग विमच्या टॅग्स पर्यायात स्वल्पविरामाने जोडावेत. दोन टॅग फाइली कॅट आज्ञेने एकत्र करू नयेत. विम या फाइलीत बायनरी सर्च करतो, त्यासाठी ओळी बाइटच्या क्रमाने लावलेल्या असाव्या लागतात. क्रम बिघडला की काही नावे सापडतात, काही सापडत नाहीत आणि ई४३२ हा दोष येतो. एकत्र करणे अटळच असेल तर एलसी_ऑल या शेलच्या चलाची किंमत ‘सी’ ठेवून सॉर्ट करावे.

विमला सूची सापडण्यासाठी व्हीआयएमआरसी या विमच्या सेटिंग फाइलीत ‘सेट टॅग्स=./टॅग्स;,टॅग्स’ ही ओळ घालावी. सुरुवातीचे टिंब व तिरकी रेघ म्हणजे उघडलेल्या फाइलीचा फोल्डर. अर्धविरामाचा अर्थ असा की तिथे सूची नसेल तर एकेक पायरी वर चढत शोध घ्यावा. हा अर्धविराम नसला की प्रकल्पाच्या मुळातून विम उघडल्यावर सगळे नीट चालते आणि आतल्या फोल्डरातून उघडल्यावर टॅग फाइल नसल्याचा ई४३३ येतो. सूची गिटच्या लपलेल्या फोल्डरात ठेवायची असेल तर सीटॅग्सला ‘--टॅग-रिलेटिव्ह=येस’ द्यावे. विम मार्ग टॅग फाइलीच्या फोल्डरापासून मोजतो, मुळापासून नाही.

कळा

कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस एकत्र दाबले की कर्सरखालच्या नावाच्या व्याख्येवर उडी जाते. कंट्रोल-टी परत आणते. मधल्या सर्व उड्या एका रचनेत एकावर एक ठेवल्या जातात. तिला टॅग स्टॅक म्हणतात, तिच्यात २० उड्या मावतात आणि ‘:टॅग्स’ या आज्ञेने ती पाहता येते. पाच फंक्शने खोल जाऊन पाच वेळा कंट्रोल-टी दाबून वर येणे, ही लय बोटांत बसली की परक्या कोडची भीती बरीच कमी होते.

एका नावाच्या अनेक व्याख्या असतील तर साधी उडी न विचारता पहिलीवर जाते. आधी जी दाबून मग कंट्रोल व कंस दाबला, तर एकच व्याख्या असताना थेट उडी होते आणि अनेक असताना यादी येते. नेहमीच्या कळेवर हेच वर्तन बसवून घ्यावे, चुकीच्या व्याख्येत अर्धा तास वाचन करण्याचा प्रसंग टळतो. कंट्रोल-डब्ल्यू आणि उजवा महिरपी कंस दाबल्यास कर्सर जागेवर राहून व्याख्या वरच्या छोट्या प्रीव्ह्यू विंडोत दिसते. नुसती फंक्शनची सही पाहायची असताना हे पुरते.

सूची ताजी ठेवण्यासाठी गिटच्या पोस्ट-कमिट, पोस्ट-मर्ज व पोस्ट-चेकआउट या हुकांमधून (ठराविक क्रियेनंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टांमधून) सीटॅग्स पार्श्वभूमीत चालवावा. टॅग्स फाइल मात्र गिटमध्ये कमिट करू नये.

टॅग फाइलीत व्याख्या असतात, वापर नसतात. ‘या फंक्शनला कोण कोण हाक मारते’ याचे उत्तर सीस्कोप देतो. बेल लॅब्जमध्ये जो स्टेफन यांनी तो लिहिला आणि २००० मध्ये तो मुक्त परवान्याखाली आला. तो मुख्यतः सी भाषेसाठी आहे. लिनक्स कर्नलच्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) टॅग्स आणि सीस्कोप ही दोन्ही लक्ष्ये तयार आहेत. निओविम या विमपासून फुटलेल्या संपादकाने मात्र सीस्कोपचा अंगभूत आधार काढून टाकला आहे.

दस्तऐवज पाहणे

शब्दावर कर्सर ठेवून मोठा के दाबला की विम कीवर्डपीआरजी या पर्यायात लिहिलेला प्रोग्रॅम त्या शब्दासह चालवतो. युनिक्सवर तो मॅन, म्हणजे माहितीची पाने दाखवणारा प्रोग्रॅम, असतो. प्रिंटएफ वर के दाबून सी फंक्शनऐवजी शेलच्या आज्ञेचे पान उघडते, हा गोंधळ नेहमीचा. मॅनचा विभाग १ शेल आज्ञांचा, २ सिस्टिम कॉलचा आणि ३ लायब्ररी फंक्शनांचा आहे, आणि नुसत्या विनंतीवर आधी विभाग १ मधले पान मिळते. ३ टंकून मग के दाबला की योग्य पान येते. पानच सापडत नसेल तर डेबियन-उबुंटूवर मॅनपेजेस-डेव्ह हे पॅकेज बसवले आहे का ते पाहावे. कंटेनरच्या छोट्या इमेजमध्ये मॅन पाने मुद्दाम वगळलेली असतात. तिथे संपादकाचा दोष नसतो.

पायथॉनसाठी मॅनच्या जागी पायडॉक आणि गोसाठी ‘गो डॉक’ ठेवता येते. ही सेटिंग ‘सेट’ने न करता ‘सेटलोकल’ने, त्या त्या भाषेपुरती करावी. के कर्सरखालचा एकच शब्द उचलतो, टिंबाच्या अलीकडचे सोडून देतो. त्यामुळे ‘ओएस.पाथ.जॉइन’ मधल्या जॉइनवर के दाबल्यास पायडॉकला नुसते जॉइन मिळते आणि काहीच सापडत नाही. व्हिज्युअल मोडमध्ये पूर्ण नाव निवडून के दाबावे.

लँग्वेज सर्व्हर

मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेनव्ही यांनी जून २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र सर्व्हरकडे असते आणि कोणताही संपादक त्याला जेसन संदेशांनी व्याख्या, वापर किंवा वर्णन विचारतो. निओविममध्ये सर्व्हरशी बोलणारा भाग, म्हणजे क्लायंट, ०.५ आवृत्तीपासून अंगभूत आहे, विमला प्लगइन लागते. निओविमच्या नव्या आवृत्त्यांत सर्व्हर जोडलेला असला की कंट्रोल व कंसाची जुनी कळ त्यालाच विचारते आणि के दाबल्यावर वर्णनाची खिडकी तरंगते. शिकलेल्या कळा वाया जात नाहीत.

सर्व्हर शब्दापलीकडचा अर्थ जाणतो, पण त्यासाठी प्रकल्प कसा बिल्ड होतो हे त्याला कळावे लागते. सी व सी++ साठीच्या क्लँगडीला ‘कंपाइल_कमांड्स.जेसन’ ही फाइल हवी. ती नसली की अनेक इन्क्लूड ओळींखाली हेडर न सापडल्याची लाल खूण येते आणि उड्या निम्म्याच चालतात. सीमेक या बिल्ड साधनात ‘सीमेक_एक्सपोर्ट_कंपाइल_कमांड्स’ चालू केल्यावर ती तयार होते, मात्र मेकफाइल व निंजा या जनरेटरांनाच हा पर्याय लागू आहे. नुसती मेकफाइल असेल तर ‘बेअर -- मेक’ चालवावे, आणि त्याआधी ‘मेक क्लीन’ करावे, कारण बेअर फक्त प्रत्यक्ष चाललेल्या कंपाइल आज्ञा टिपतो. क्लँगडी ही फाइल सोर्सच्या वरच्या फोल्डरांत आणि त्यांतल्या बिल्ड नावाच्या उपफोल्डरात शोधतो. दुसरीकडे असेल तर मुळाशी सिमलिंक (फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा) द्यावी.

मराठीत टिप्पण्या किंवा संदेश लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असताना शिफ्ट-के दाबल्यास विमला के न मिळता ‘ख’ मिळतो आणि काहीच घडत नाही. नॉर्मल मोडमध्ये (आज्ञा देण्याच्या स्थितीत) मांडणी इंग्रजीवर आणावी. दुसरी गोष्ट स्तंभ मोजण्याची. या प्रोटोकॉलमध्ये ओळीतील जागा मूलतः यूटीएफ-१६ च्या एककांत मोजली जाते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे एक एकक भरते, फाइलीतल्या यूटीएफ-८ मध्ये मात्र तीन बाइट. क्लायंटने बाइट मोजले तर मराठी मजकुराच्या उजवीकडच्या नावांवरच उड्या चुकतात, डावीकडच्या बरोबर जातात. प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीपासून दोन्ही बाजू मोजणीचे एकक आधी ठरवून घेऊ शकतात. असा दोष दिसल्यास क्लायंट आणि सर्व्हर या दोन्हींची आवृत्ती तपासावी.