फॉर्मांची शिरगणती

पानावर आपल्याला जे दिसतं तेच सर्व्हरलाही दिसतं, हा गैरसमज भलताच चिवट आहे. पाच प्रवाशांसाठी पाच सारखे फॉर्म भरून आपण बटण दाबतो आणि वाटतं, पाच फॉर्म गेले. जाते ती फक्त एक सपाट यादी: रकान्याचं नाव आणि त्यात भरलेला मजकूर.

‘जँगो’ या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात, अशा फॉर्मांच्या गटाला फॉर्मसेट म्हणतात. प्रत्येक रकान्याच्या नावाला क्रमांक चिकटवलेला असतो: ‘फॉर्म-०-नाव’, ‘फॉर्म-१-नाव’. त्यावरून यादीचे पुन्हा गट पाडता येतात.

मग सगळ्यात मोठा क्रमांक पाहिला की फॉर्म किती ते कळलंच की! मलाही असंच वाटायचं. पण चेकबॉक्सवर टिक नसेल तर ब्राउझर ‘नाही’ असं कळवत नाही. तो काहीच कळवत नाही. आता ज्यात फक्त चेकबॉक्सच आहेत असे पाच फॉर्म घ्या. पाचव्यातल्या टिका काढल्या की यादीतून तो फॉर्मच गायब. एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांना, मागची विनंती आठवत नसते. मग ‘नको म्हणाला’ आणि ‘नव्हताच’ यांतला फरक ओळखायचा कसा?

त्यासाठी सोबत लपलेले रकाने जातात, तोच मॅनेजमेंट फॉर्म. ‘टोटल फॉर्म्स’ म्हणजे एकूण किती. ‘इनिशियल फॉर्म्स’ म्हणजे त्यातले आधीच भरून आलेले किती; त्यापुढचे जादा. जादा फॉर्मला कुणी हातच लावला नसेल, तर रकाने सक्तीचे असूनही तो तक्रार न करता सोडून दिला जातो.

टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, अख्खा फॉर्मसेट छापला तर हे आपसूक येतं. फॉर लूप लावून एकेक फॉर्म मांडायचा तर मॅनेजमेंट फॉर्मची ओळ आपणच लिहायची. राहिली तर सगळा गठ्ठा अवैध. कित्येक जण ती कुठूनतरी उचलून मंत्रासारखी चिकटवतात. कशासाठी, हे विचारायचं नाही!

पानावरच जावास्क्रिप्टने फॉर्म वाढवताना ‘एम्प्टी फॉर्म’ या जँगोने दिलेल्या कोऱ्या नमुन्याची नक्कल करायची, त्यातल्या ‘प्रीफिक्स’ या खुणेच्या जागी पुढचा क्रमांक घालायचा आणि एकूण आकडाही वाढवायचा. आकडा वाढवायचा राहिला तर नवा फॉर्म पोचतो, पण वाचला जात नाही.

अर्थात हा आकडा ब्राउझरकडून येतो, म्हणजे कुणीही बदलू शकतो. तिथे कुणी एक कोटी लिहिलं तर? म्हणून एरवीची मर्यादा १००० आणि काही झालं तरी २०००च्या वर फॉर्म उभेच करायचे नाहीत, असा जँगोचा मूळ हिशोब आहे.