उसना न्यूट्रल

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा संभाजीनगरच्या गारखेड्यात भाड्यानं जागा बघताना माणूस पाण्याची वेळ विचारतो, मीटर वेगळं आहे का ते विचारतो. दारामागचा डीबी, म्हणजे वायरी आणि स्विचांची पेटी, कोणी उघडून बघत नाही. मग एप्रिलात कूलर लागतो, आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडायला (आपोआप बंद व्हायला) लागते आणि आळ कूलरवर येतो. कूलर कधी कधी खरंच गुन्हेगार असतो. पण एका मजल्याच्या चार वेगळ्या खोल्या केल्या असतील, तर आधी संशय न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर, घ्यावा.

याचं कारण डीबीच्या रचनेत आहे. सिंगल पोल एमसीबी (प्रत्येक सर्किटचा, ओव्हरलोड झाला की पडणारा स्विच) फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडते. सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल एका पितळी पट्टीवर कसलेले असतात आणि एमसीबी पाडली तरी ते जागेवरच राहतात. आरसीसीबी मात्र फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट यांची वजाबाकी करत बसलेली असते. घरगुती आरसीसीबी सहसा 30 मिलिअँपियरची असते. तेवढा फरक पडला की ती पडलीच पाहिजे. ओव्हरलोडशी तिचा संबंध नाही, ते काम एमसीबीचं.

भाडेकरूनं स्वतः करायचं काम एकच, आणि त्याला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. सगळ्या एमसीबी पाडा, मेन चालू ठेवा. एकेक एमसीबी चढवून घरभर फिरा. दिवे-पंखे बटणावर बघा, सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. इन्व्हर्टर असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर सगळाच हिशोब चुकतो. जे चालू झालं ते चिकटपट्टीवर लिहून त्या एमसीबीखाली लावा. दोन वेगवेगळ्या एमसीबींवर तोच दिवा लागला किंवा सगळ्या पाडूनही कुठला पंखा फिरतच राहिला, तर वायरिंगमध्ये गोंधळ आहे हे तिथंच कळतं. मग शेजाऱ्याला सांगून फक्त तुमचा मेन बंद करा. त्याचा दिवा विझला? मग त्याची एक वायर तुमच्या डीबीतून गेली आहे, बहुधा न्यूट्रल.

याला उसना न्यूट्रल म्हणू. खोल्या वेगळ्या करताना फेज नव्या डीबीतून ओढला जातो, पण पाइपात जागा नाही म्हणून न्यूट्रल जवळच्या जुन्या पेटीतून जोडला जातो. दिवा लागतो, काम झालं असं वाटतं. पुढे दोन्ही खोल्यांना आरसीसीबी बसली की एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो, आणि दोघींचीही वजाबाकी चुकते. 75 वॅटचा पंखा सुमारे 0.33 अँपियर घेतो, म्हणजे 330 मिलिअँपियर, मर्यादेच्या अकरा पट. याहून वाईट म्हणजे तुमचा मेन बंद करून वायरमननं ती न्यूट्रलची काळी वायर पट्टीवरून सोडली, तर शेजाऱ्याच्या दिव्यामधून आलेला फेज तिच्या टोकावर उभा असतो. न्यूट्रल समजून हात लावणारा सापडतो.

इन्व्हर्टर बसवतानाही हेच होतं. त्याचा फेज आरसीसीबीच्या आधी घेतलेला आणि पंख्यांचे न्यूट्रल तिच्यानंतरच्या पट्टीवर राहिलेले, अशा घरात इन्व्हर्टरवरचा कुठलाही पंखा लावला की आरसीसीबी पडते. फक्त गिझर लावल्यावर पडत असेल, तर गिझरचं कॉइल बघा.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा असतो. कधी पडेल याचा नेम नाही, शेजारची बोअरची मोटर चालू झाली की पडते, सगळ्या एमसीबी पाडल्या तरी पडते. इथे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना चिकटलेले असतात. बिल्डिंगच्या सामाईक न्यूट्रलवर लोड आला की त्याच्यात दोन-तीन व्होल्ट चढतात आणि तुमच्या न्यूट्रलमधून करंट बंद एमसीबीला बगल देऊन अर्थिंगमध्ये वाहू लागतो. हे शोधायला वायरमननं मेन बंद करून, करंट नसल्याची खात्री करून, पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडावे, सगळी उपकरणं प्लगमधून काढावी आणि 500 व्होल्टच्या मेगरनं (वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनं) प्रत्येक न्यूट्रल अर्थिंगशी तपासावा. चांगली वायर 1 मेगाओहमच्या बरीच वर दाखवते, दोषी वायर शून्याच्या आसपास. पुष्कळदा दोष थ्री-पिन सॉकेटच्या मागे निघतो: अर्थिंग नीट नाही म्हणून कोणीतरी वरची पिन न्यूट्रलला जोडलेली असते. हा जोड आरसीसीबी नसलेल्या घरात वर्षानुवर्षं लपून राहतो, आणि न्यूट्रल तुटला त्या दिवशी फ्रिजच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात.

दुरुस्ती अवघड नाही, चिकट आहे. दिव्यांच्या सर्किटला 1.5 चौरस मिलिमीटरची काळी वायर आपल्याच पट्टीवरून नव्यानं ओढायची. प्लगच्या सर्किटला 2.5 ची. पाइप भरलेला असेल तर भिंतीवरून केसिंग पट्टी. घरमालकाला ती दिसायला आवडत नाही, हे खरं. काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि त्यानं शेवटी क्लॅम्प मीटरच्या जबड्यात मेनचे फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र धरून दाखवावं: आकडा शून्याला टेकला पाहिजे.

एक लक्षण दिसलं तर मात्र शोधत बसू नका. काही दिवे एकदम झगझगीत आणि बाकीचे मंद झाले, म्हणजे बिल्डिंगच्या थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल ढिला झालाय. कमी लोडच्या फेजवर 300 च्या पुढेही व्होल्टेज जाऊ शकतं. मेन पाडा, दोष मीटरच्या आधी, लाइनच्या बाजूला असेल तर 1912 वर महावितरणला कळवा.

आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती काढून वायर सरळ जोडण्याचा सल्लाही मिळेल. ती काढली की ओला कूलर, लोखंडी पत्रा आणि अनवाणी पाय यांच्यामध्ये एकटं अर्थिंग उरतं, आणि मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. आरसीसीबीवरचं टी (टेस्ट) बटण महिन्याला एकदा दाबा. पण त्यानं फक्त तिची यंत्रणा तपासली जाते. अर्थिंग मुळीच नसलं तरी ते बटण दाबल्यावर आरसीसीबी पडते.