केट फोर्ब्स 'सचिव' कधीच नव्हत्या
मराठीत 'स्कॉटलंडच्या वित्त सचिव केट फोर्ब्स' असं वाचलं की मला मंत्रालयातली लाल फितीची फाईल आठवते. भाषांतर करणाऱ्याने 'सेक्रेटरी' पाहिलं, 'सचिव' टंकलं आणि चहाला गेला!

मंत्री कोण नि सचिव कोण, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एक मतं मागून येतो, दुसरा परीक्षा देऊन. सरकार पडलं की पहिला घरी जातो, दुसरा खुर्चीतच राहतो. दिल्लीत कॅबिनेट सेक्रेटरी म्हणजे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी. लंडनमध्येही तसंच. स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरात मात्र हेच दोन शब्द उलटे फिरतात. तिथला कॅबिनेट सेक्रेटरी हा निवडून आलेला राजकारणी असतो, खात्याचा पूर्ण मंत्री. आणि नुसता 'मिनिस्टर' त्याच्या हाताखालचा, साधारण आपल्या राज्यमंत्र्यासारखा. पूर्वी तिथेही सरळ 'मिनिस्टर' आणि 'डेप्युटी मिनिस्टर' होते. २००७ मध्ये अ‍ॅलेक्स सॅमंड यांचं सरकार आलं आणि ही नवी नावं रुजली. आपल्याकडच्या मुख्य सचिवाच्या जागी तिथे 'पर्मनंट सेक्रेटरी' असतो. 'सचिव' शब्द वापरायची फारच हौस असेल तर त्याच्यासाठी वापरा.

हा घोळ किती महागात पडतो ते फोर्ब्स यांच्याच कारकिर्दीत दिसतं. जन्म १९९०चा, बालपणाचा काही भाग भारतात, इतिहासाचं शिक्षण केंब्रिजला, मग सीए. २०१६ मध्ये हायलँड्स या डोंगराळ भागातून स्कॉटिश संसदेत. २०१८ मध्ये सार्वजनिक वित्त आणि डिजिटल अर्थव्यवस्थेच्या मिनिस्टर, म्हणजे राज्यमंत्री.

६ फेब्रुवारी २०२०, अर्थसंकल्पाचा दिवस. वित्त खातं सांभाळणाऱ्या डेरेक मॅके यांना एका सोळा वर्षांच्या मुलाला पाठवलेल्या संदेशांवरून भाषणाच्या काही तास आधी राजीनामा द्यावा लागला. भाषणाला उभ्या राहिल्या २९ वर्षांच्या फोर्ब्स. स्कॉटलंडचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि त्या क्षणी त्यांचं पद? मिनिस्टर. अकरा दिवसांनी त्या वित्त खात्याच्या कॅबिनेट सेक्रेटरी झाल्या.

आता हे शब्दशः मराठीत आणा: 'मंत्री असताना अर्थसंकल्प मांडला, म्हणून त्यांना सचिव केलं.' वाचणाऱ्याला वाटेल, बिचारीने आकडे चुकवले असावेत! प्रत्यक्षात ती दणदणीत बढती होती. म्हणून माझा हट्ट आहे: 'कॅबिनेट मंत्री' लिहा.

बाकीचे गोंधळ किरकोळ. 'एमएसपी' म्हणजे तिथे सोयाबीन-तुरीचा हमीभाव नव्हे, तर स्कॉटिश संसदेचा सदस्य, असे १२९. 'एमपी' लंडनला बसतो. लंडनच्या मंत्रिमंडळातले 'स्कॉटलंड सेक्रेटरी' हेही मंत्रीच, पण ब्रिटिश सरकारचे. त्यांचा एडिंबरातल्या मंत्रिमंडळाशी संबंध नाही.

पुढे मार्च २०२३ मध्ये सत्ताधारी स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेतेपदाच्या लढतीत हमझा युसुफ यांनी फोर्ब्स यांना ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी हरवलं आणि त्या सरकारबाहेर पडल्या. मे २०२४ मध्ये नवे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री, जॉन स्विनी यांनी त्यांना परत आणलं. पद डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, सोबत अर्थव्यवस्था आणि गेलिक भाषा ही खाती. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी पुढची निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं.

डेप्युटी फर्स्ट मिनिस्टरला 'उपमुख्यमंत्री' म्हणायला माझी हरकत नाही, महाराष्ट्राला त्या पदाची चांगलीच सवय आहे. पण खात्यांपुरत्या तेव्हाही त्या कॅबिनेट सेक्रेटरीच होत्या. म्हणजे 'सचिव'वाल्यांच्या हिशेबाने एकच बाई एकाच वेळी उपमुख्यमंत्री आणि सचिव: सकाळी फाईलवर शेरा मारायचा आणि दुपारी ती स्वतःच्याच सहीसाठी स्वतःच्याच टेबलावर पाठवायची.